सोजरफुईचा बांध

माझी मान आखडली नसती, तर सोजरफुईकडे माझं जाणं लग्नाबारशांपुरतंच राहिलं असतं. मी बऱ्हाणपुरात लोधीपुऱ्यात राहते आणि एका खाजगी शाळेत गणित शिकवते. वह्या तपासता तपासता त्या उन्हाळ्यात मान अशी धरली, की मागून कुणी हाक मारली तर अख्खं अंग वळवावं लागायचं. वर्गातली मुलं माझी नक्कल करायची. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, शेक घ्यायला सांगितला आणि म्हणाले, "मॅडम, थोडं चला-फिरा. मोकळ्या हवेत." आमच्या गल्लीत मोकळी हवा कुठून आणायची? सकाळपासून रिक्षा, दुधाच्या गाड्या आणि पलीकडे पॉवरलूमचा खडखडाट. तेव्हा आई म्हणाली, "रविवारी फुईकडे जात जा. ती तशीही रोज रानात जाते. तिच्या मागं मागं फिर."

फुई म्हणजे वडिलांची बहीण. मराठी मुलखात आत्या म्हणतात, आमच्याकडे फुई. तिचं नाव सोजरबाई. शहराबाहेरच्या बहादरपूरच्या शेवटच्या गल्लीत तिचं घर, आणि गल्ली संपली की लगेच केळीच्या बागा. साठीच्या पुढची, उंच, हडकुळी बाई. पायात ललितचे, म्हणजे तिच्या मुलाचे, जुने बूट. ललित गावात, म्हणजे बऱ्हाणपुरात, लूमवर जायचा. घरात फुई, तिचे यजमान लीलाधर फुआ, ललित आणि त्याची बायको अश्विनी. फुआंना ऐकायला कमी येतं. आपण विचारावं, "जेवलात का?" तर ते सांगणार, "हो, पाऊस बरा झाला."

फुईचं सारं आयुष्य दुसऱ्यांच्या बागांत गेलं होतं. केळीच्या बुंध्याशी फुटलेली पिलं काढणं, कापूस वेचणं, निंदणी. घरी जाताना ओटीत काहीतरी असायचंच: बांधावरचा तरोटा, कपाशीतलं कुंजरू, नाल्याकाठची घोळ. लेकरं लहान होती तेव्हा पावसाळाभर घरात विकतची भाजी आली नाही, असं ती सहज सांगायची, त्यात तक्रार नसायची आणि मोठेपणाही नसायचा. आता ललितच्या पगारावर घर नीट चाललं होतं. बाजारातून गोबी-वांगी यायची. तरी ती सकाळी चहा घेतला की कापडी पिशवी खांद्याला अडकवून निघायची.

पहिल्या रविवारी मी तिच्यासोबत निघाले तेव्हा तिनं माझ्या मानेकडं पाहिलं आणि विचारलं, "दुखू राहिली का?"

"खूप. वर पाहता येत नाही."

"मंग बरं आहे. आपल्याले खालीच पाहायचं आहे."

आणि खरंच, तिच्यासोबत फिरताना नजर जमिनीवरच असायची. तीही फार बोलायची नाही. मध्येच वाकायची, दोन बोटांनी कोवळा शेंडा खुडायची, माझ्या नाकाशी धरायची आणि पिशवीत टाकायची. तरोट्याचा उग्र वास, कुंजरूचा मातीसारखा. कुंपणावर कटुल्याचा वेल असला तर तिचा चेहरा लहान मुलीसारखा व्हायचा. काटेरी, हिरवं, बोटाएवढं कटुलं पानाआड लपलेलं असायचं. तिला ते दुरून दिसायचं आणि मला नाकासमोर आलं तरी दिसायचं नाही. "अगं तुह्या हाताखाली आहे," असं म्हणून ती हसायची.

घरी आल्यावर ओसरीत पिशवी उलटी करायची. फुई आणि अश्विनी भाजी निवडायला बसायच्या. अश्विनी लोधीपुऱ्याच्याच पलीकडची, शहरात वाढलेली पोर. लग्नाला दोन वर्षं होत आली होती. बारीक अंगाची, डोळे मोठे, आणि सारखं तोंड आलेलं. तिखट लागलं की डोळ्यांत पाणी. फुई तिच्यासाठी शेजारच्या जाईचा पाला आणून ठेवायची. "चाव. आणि डॉक्टरच्या गोळ्या बी घे. दोन्ही कर," असं म्हणायची. फुईचं औषधाचं शास्त्र असंच होतं. गुडघा दुखला तर मलमही चोळायचं आणि वरून रुईचं पान गरम करून बांधायचं. कशानं बरं वाटलं याचा हिशेब ती ठेवायची नाही.

अश्विनी बोलायला लाजायची. पण भाजी निवडताना दोघींचं काहीतरी चालू असायचं. फुई आपल्या लहानपणच्या गोष्टी सांगायची, अश्विनी हिंदीत विचारायची, "फिर क्या हुआ?" आणि फुई मराठीत पुढं सांगायची. मी ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि मिरचीचा खुडा, म्हणजे ठेचा, खाऊन, पिशवीभर भाजी घेऊन घरी यायचे. आषाढ संपेपर्यंत माझी मान बरीच मोकळी झाली होती.

मग श्रावणातला तो रविवार आला.

आम्ही दोघी चुडामणभाऊंच्या शेताकडं गेलो होतो. चुडामणभाऊ फुईच्या गल्लीतलेच, केळी आणि कपाशी करणारे. नाल्याला लागून त्यांच्या शेताचा लांब बांध होता आणि त्या बांधावर त्या दिवशी भाजी इतकी माजली होती, की फुईनं पदराचीही ओटी केली. तरोटा जरा जून झाला होता, म्हणून तिनं कुंजरूच जास्त घेतलं. मी दुपारीच परत निघाले. एका नातेवाइकाकडं जायचं होतं, म्हणून त्या दिवशी भाजी नेली नाही.

संध्याकाळी ललितचा फोन आला. घरात सगळ्यांना उलट्या होत होत्या. फुआ, अश्विनी, तो स्वतः, आणि थोड्या प्रमाणात फुई. त्यातही अश्विनीचं जास्त. बहादरपूरच्याच डॉक्टरांनी तिला सलाईन लावलं, बाकीच्यांना गोळ्या आणि मीठ-साखरेचं पाणी. दुसऱ्या दिवशी मी शाळेतून सुट्टी काढून गेले तेव्हा सगळे पडून होते, पण हसत-बोलत होते. फुआ म्हणाले, "पोट साफ झालं." फुई मात्र चुलीपाशी पाठ करून बसली होती.

झालं असं होतं, की आदल्याच दिवशी चुडामणभाऊंनी बांधावर तणनाशक मारून घेतलं होतं. ते मारल्यावर गवत लगेच जळत नाही. चार-आठ दिवस हिरवंगारच दिसतं. डॉक्टर म्हणाले, त्यानंच झालं असेल, नक्की सांगता येत नाही, पण फवारलेलं खाऊ नका. एवढंच. कुणी फुईला काही बोललं नाही. ललित तर म्हणाला, "आई, तुले काय माहीत होतं?"

पण फुईनं ते मनाला लावून घेतलं.

"माह्या हातानं रांधलं, प्रतिभा," ती म्हणाली. "सून म्हणजे दुसऱ्याच्या घरची पोर. तिचं काही बरंवाईट झालं असतं तं?"

"झालं नाही ना, फुई."

"झालं नाही ते देवाची कृपा. माही अक्कल तं गेली ना?"

दुसऱ्या दिवसापासून पिशवी खुंटीला गेली. ती रानात जायची थांबली. गल्लीतल्या बायका, ज्या पूर्वी मूठ मूठ भाजी मागून न्यायच्या, त्यांनीही विचारणं सोडलं. त्यात वाईट मन कुणाचं नव्हतं, पण फुईला ते लागलं. मी दर रविवारी जायचे, तर ती ओसरीत खाटेवर बसलेली. चालणं थांबलं तसा गुडघा आणखी धरला. मग गुडघा धरला म्हणून चालणं नको. उठताना भिंतीला हात लावायला लागली. फुआ मला म्हणाले, "तिले म्हणा, जरा फिरून ये. दिवसभर माह्याकडंच पाहत बसते." हे त्यांनी इतक्या मोठ्यानं सांगितलं, की शेजारणीही हसल्या. फुई हसली नाही.

पोळा झाला. त्यानंतरच्या रविवारी मी पोहोचले तेव्हा ओसरीत वेगळंच नाट्य चालू होतं. अश्विनी दारात उभी होती, साडीचा पदर खोचलेला, पाय चिखलानं भरलेले. हातात तीच कापडी पिशवी. खाटेवरची फुई आणि मी तिच्याकडं पाहतच राहिलो. ही पोर एकटी कधी गल्लीच्या टोकाला गेली नव्हती. सापाच्या नावानं ओरडायची.

"मम्मी, देखो ना, मी भाजी आणली," ती म्हणाली. आणि पिशवी उलटी केली.

ओसरीत हिरव्या, कातरलेल्या पानांचा मोठा ढीग पडला. वर बारीक पांढरी फुलं.

फुईनं एक क्षण पाहिलं. मग तिच्या तोंडातून असं हसू फुटलं, की खाट हलायला लागली. "अगं माय! गाजरगवत! हे तं म्हैस बी खात नाही व!" ती हसत होती, हसता हसता डोळे पुसत होती, आणि अचानक तिचं हसू थांबलं. "कशानं तोडलं? हातानं?"

अश्विनीनं हात पुढं केले. कोपरापर्यंत लाल पुरळ उठलं होतं. ती खाजवत होती आणि ते आम्हांला दिसू नये म्हणून हात पदरात घेत होती.

"सोड, खाजवू नको!" फुई खाटेवरून उठली. भिंतीला हात लावला नाही. लंगडत मोरीपर्यंत गेली, अश्विनीचे हात धरून साबणानं धुतले, पुन्हा धुतले, मग खोबरेल तेल लावलं. मला म्हणाली, "ते सगळं उचल, पण हाताले कपडा गुंडाळ." मी ढीग उचलून उकिरड्यावर टाकून आले. परत आले तेव्हा दोघी मोरीच्या कट्ट्यावर बसल्या होत्या.

"कायले गेली होती तू?" फुई विचारत होती. "ज्या भाजीनं तुले सलाईन लागलं, तिच्यासाठी?"

अश्विनी खाली पाहत म्हणाली, "भाजीसाठी नाही."

"मंग?"

 ती हिंदी-मराठी मिसळून जे बोलली ते मला अजून आठवतं. "मम्मी, भाजी निवडताना तुम्ही माझ्याशी बोलायच्या. आता दिवसभर कोई बात ही नहीं करता. ये ललित सकाळी जातात, रात्री येतात. बाबांना ऐकू नाही येत. मला वाटलं, भाजी आली तर तुम्ही बसाल."

 फुईनं अश्विनीच्या हातांना पुन्हा तेल लावलं, जिथं आधीच लावलेलं होतं तिथंही. मग म्हणाली, "हात बरे होऊ दे. मी दाखवते तुले काय तोडायचं ते."

पुढच्या रविवारी आम्ही तिघी निघालो. फुईनं गुडघ्याला पट्टा बांधला होता, हातात काठी होती. चाल हळू होती, पण चाल होती. अडचण वेगळीच निघाली. तोडायला काही नव्हतंच. ज्या ज्या बांधावर गेलो तिथं गवत तांबूस होऊन जमिनीला चिकटलेलं. एक चुडामणभाऊच नाहीत, सगळेच फवारत होते. बागेत, बांधाधुऱ्यावर, रस्त्याच्या कडेला. पूर्वी मी खाली पाहत चालायचे ते भाजीसाठी. आता फुई आणि मी जमिनीकडं पाहत होतो, पण पिशवी रिकामीच होती. अश्विनी मध्येच विचारायची, "मम्मी, हे कुठलं?" आणि फुई म्हणायची, "ते मेलेलं आहे."

नाल्याजवळ ती थांबली. चुडामणभाऊंच्या बांधावर जळालेल्या गवताखालून नवीन बारीक हिरवं फुटत होतं. फुई ते पाहत उभी राहिली. मग म्हणाली, "चाल, त्याच्याकडं जाऊ."

"कोणाकडं?"

"चुडामणभाऊकडं. बोलून पाहू."

चुडामणभाऊ बागेत केळीचे घड पाहत होते. साठीचे, कमरेला रुंद पट्टा, वाकले की "आई गं" म्हणणारे. त्या उलट्यांची गोष्ट त्यांच्याही कानावर गेली होती. फुईला पाहून ते जरा ओशाळले.

"वहिनी, मले माहीत असतं तुम्ही तोडू राहिल्या तं मी सांगितलं असतं."

"तुमचा दोष नाही, भाऊ. मी विचारलं नाही. पण एक मागायला आली. नाल्याकडचा तेवढा बांध मारू नका."

चुडामणभाऊंनी मान हलवली, पण नकाराची. "कसं करू, सांगा. माणूस भेटत नाही निंदायले. गवत वाढलं की साप येतात. मागल्या वर्षी माह्या गड्याले तिथंच चावला, देवानं वाचवला. आता कोणी त्या बांधावर पाय ठेवत नाही. फवारलं की एका सकाळी काम होतं."

त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. फुईलाही ते माहीत होतं. तिनं काठीवर दोन्ही हात ठेवले. मला वाटलं, झालं, आता परत फिरायचं.

तेवढ्यात अश्विनी म्हणाली, "काका, हम काट देंगे."

"काय?"

"गवत. आम्ही कापू. तुम्ही औषध नका मारू."

चुडामणभाऊंनी तिला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. तिच्या हातांवर अजून पुरळाचे डाग होते. ते हसले, पण वाईट हसले नाहीत. "बेटा, कधी विळा धरला का हातात?"

"नाही."

"मंग?"

"शिकून घेईन."

फुई सुनेकडं पाहत होती. मी तिला असं कुणाकडं पाहताना पूर्वी पाहिलं नव्हतं. शेवटी चुडामणभाऊ म्हणाले, "बरं. नाल्याकडचा एवढाच. गवत गुडघ्याच्या वर गेलेलं दिसलं, की मी पंप घेऊन येईन. मंग नाराज नका होऊ."

सांगणं सोपं होतं. पहिल्या आठवड्यात अश्विनीच्या तळहाताला फोड आले. विळा कसा धरायचा, गवताची मूठ किती घ्यायची, आधी काठीनं आपटून आवाज का करायचा, हे फुई सांगत होती. तिला स्वतःला उकिडवं बसता येत नव्हतं, म्हणून ती घरातला पाट घेऊन जायची आणि पाटावर बसून पुढं सरकत सरकत कापायची. मी रविवारी जाऊन हातभार लावायचे. माझी मान बरी झाली होती, आता खांदा दुखायला लागला. पण ते दुखणं चांगलं वाटायचं. रात्री झोप लागायची.

तिघींचं ते काम नव्हतं. फुईनं गल्लीत विचारलं. बायका म्हणाल्या, घरचं आवरून वेळ नाही. मनात काय होतं ते फुईला कळत होतं. एक दिवस गल्लीतलीच शारदा आली. तिच्या चार बकऱ्या होत्या आणि चाऱ्याला ती लांब लांब जायची. तिनं सरळ सांगितलं, "फुई, भाजी मले नको, बुरा मत मानना. पण गवत नेऊ का?"

"ने ना बाई. सगळं ने."

शारदा भराभर कापायची. तिच्या मागून आणखी एक-दोघी आल्या, त्यांनाही चारा हवा होता. गवत कापायला बसलं की बोलणं सुरू होतं आणि बोलणं सुरू झालं की उठवत नाही. अश्विनी त्यांच्यात बसून हसायला लागली. तिचं तोंड येणंही त्या दिवसांत कमी झालं. ताज्या हवेनं, डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्यांनी, की नुसतं बोलायला माणसं मिळाली म्हणून, कोण जाणे.

मग दसऱ्याच्या सुमाराला परतीचा पाऊस आला आणि थांबेना. आठवडाभर कुणी बांधावर गेलं नाही. शारदाची लेक आजारी, बाकीच्या सोयाबीन काढायला दुसऱ्यांच्या शेतात. ऊन पडल्यावर पाहिलं, तर गवत मांड्यांपर्यंत आलेलं. मी शाळेत होते. पुढचं मला अश्विनीनं, फुईकडून ऐकून, सांगितलं.

त्या दिवशी अश्विनी माहेरी आलेली होती, संध्याकाळी परत जाणार होती. फुई कुणाला न सांगता पाट आणि विळा घेऊन एकटीच गेली. बांधाच्या मधोमध बसून कापत राहिली. दुपारपर्यंत बराच पट्टा मोकळा केला. मग उठायला गेली तर गुडघा हलेना. पाय लांबही होईना, दुमडेना. आजूबाजूला कुणी नाही. ती तशीच बसून राहिली आणि बसल्या बसल्या हाताला येईल तेवढं गवत कापत राहिली.

थोड्या वेळानं पलीकडून चुडामणभाऊ आले. सोबत गडी, गड्याच्या पाठीवर फवारणीचा पंप, भरलेला. त्यांनी बांधावर फुईला पाहिलं.

"वहिनी, इथं काय करू राहिल्या एकट्या?"

"उठता येत नाही, भाऊ."

"कधीपासून?"

"झाला असेल तास. तुम्ही तुमचं मारून घ्या तिकडून. माह्यापर्यंत येईस्तोवर मी सरकते."

 चुडामणभाऊंनी गड्याला पंप खाली ठेवायला सांगितला. दोघांनी मिळून फुईला काखेत धरलं. उचलताना चुडामणभाऊंच्या कमरेत लचक भरली आणि ते "आई गं" करून तिच्याच शेजारी बसले. आता दोघंही बांधावर बसलेली, गडी उभा. फुई आधी घाबरली. मग तिला हसू आलं. मग त्यांनाही आलं.

"वहिनी," ते म्हणाले, "तुमचा गुडघा आणि माही कंबर. दोघांचं मिळून बी एक धड माणूस नाही होत."

"गडी आहे ना धड," फुई म्हणाली. "त्याच्या हातात विळा द्या."

गड्यानं कपाळाला आठ्या घातल्या, पण विळा घेतला. उरलेला पट्टा त्यानं संध्याकाळपर्यंत कापला. चुडामणभाऊंनी पंप कपाशीच्या पलीकडच्या रस्त्याला पाठवला. तिथं ते आजही मारतात, तो भाग वेगळा. पण नाल्याकडच्या बांधाचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही. दुसऱ्या दिवशी ललित फुईला मोटारसायकलवर घेऊन बऱ्हाणपूरला आला. डॉक्टरांनी गुडघ्यातलं पाणी काढलं, व्यायाम शिकवले, आणि खाली बसायचं नाही, पण चालायचं मात्र रोज, असं बजावलं. फुईनं मला विचारलं, "रोज चालायचं असं म्हणाला ना तो?" मी हो म्हणाले. तिनं ते दोन-तीनदा ललितकडूनही वदवून घेतलं.

हिवाळ्यात बांधावर बथुआ, म्हणजे चाकवत, आला. कोवळा, पांढुरकी झाक असलेला. फुई पाटावर न बसता उभ्यानं अश्विनीला दाखवत होती आणि अश्विनी खुडत होती. पिशवी भरली. पण घरी आल्यावर फुई अडली. "आज मी एकटीच खाईन," ती म्हणाली. "उद्या मले काही झालं नाही तं तुम्ही खा."

ललितनं खूप समजावलं, की बांधावर महिनोन्महिने काही मारलेलं नाही. ती ऐकेना. थोडी भाजी शिजवून भाकरीसोबत तिनं एकटीनं खाल्ली, सगळे समोर बसून पाहत होते. फुआंना वाटलं, तिचा उपास सुटू राहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी ती ठणठणीत होती. तेव्हा अश्विनीनं बथुआ दह्यात घालून केला, लसणाची फोडणी दिली, आणि सगळ्यांना वाढला. अश्विनीचा घास तोंडात जाईपर्यंत फुई पाहत राहिली. अश्विनीनं आणखी वाढून घेतला.

त्या आठवड्यात शारदा गवताचा भारा घेऊन दारावरून जाताना थांबली. "फुई, मूठभर असेल तं द्या. पोरगी मागू राहिली." फुईनं तिच्या पदरात किती टाकावं! शारदा म्हणत राहिली, बस, बस.

यंदाच्या पावसाळ्यात त्या बांधाच्या कुंपणावर कटुल्याचा वेल चढला. कुणी लावला नाही, आपोआप आला. चुडामणभाऊंनी तो गड्याला तोडू दिला नाही. श्रावणी सोमवारी फुईनं त्यांच्याकडं कटुल्याची भाजी पाठवली, डब्यात. डबा परत आला तेव्हा त्यात केळी होती.

मी अजून जाते. मान ठीक आहे, खांदाही. परवाच्या रविवारी आम्ही नाला ओलांडून पुढं तापीपर्यंत गेलो. फुईला इतकं लांब जमत नाही, म्हणून ती वाटेतल्या निंबाखाली बसली आणि म्हणाली, "तुम्ही जा. अश्विनीले रस्ता माहीत आहे." अश्विनी पुढं, मी मागं. ती काठीनं गवतावर आपटत, आवाज करत चालत होती. नदीकाठाला वाळूच्या वर तिला एक रोप दिसलं, गोल पानांचं, निळसर देठाचं. मी ओळखलं नाही. तिनंही नाही. तिनं मोबाइलवर त्याचा फोटो काढला, एक पान मोडून वास घेतला, आणि परत आल्यावर फुईला दाखवलं.

फुईनं फोटो डोळ्यांजवळ नेला, लांब नेला. "नाही व," ती म्हणाली. "मले बी माहीत नाही हे."

"फिर?"

"फिर काय? राहू दे तिथंच. पुढल्या महिन्यात फूल आलं की पाहू." मग तिनं पिशवीतून भाकरी काढली, तिघींत वाटली, आणि आम्ही निंबाखाली बसून जेवलो.